कोळझिऱ्याच्या सभेची सतरंजी

मी एक सतरंजी आहे. चादर नव्हे, गालिचा तर मुळीच नव्हे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची म्हणून मला विणलं होतं. आता त्यातलं निळं कुठलं आणि पांढरं कुठलं, हे तुम्हीच शोधा. अंगावरचे हे काळपट डाग बघून तुम्ही नाक मुरडलंत, ते मी पाहिलं. मुरडा. सगळ्यांनीच मुरडलं. पण आलाच आहात तर घटकाभर थांबा. या कोठडीत माझ्याशी बोलायला कोणी येत नाही. एका बाजूला विहिरीत टाकायच्या पावडरीची पोती, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेलं टेबल, आणि मधे मी, गुंडाळून भिंतीला टेकवलेली. उंदीर येतात, पण ते बोलायला येत नाहीत.

मला कोणी शाळेत घातलं नाही. सभेच्या दिवशी मला पंचायतीसमोर निंबाखाली अंथरायचे. समोर शाळेची भिंत, तिच्यावर बाराखडी रंगवलेली. ती बघून बघून मी अक्षरं शिकले, आणि माझ्यावर बसून लोक जे बोलायचे ते ऐकून बाकीचं शिकले. म्हणून माझं बोलणं कुठे आडवं गेलं तर जाऊ द्या. खोटं नसेल.

माझा जन्म धुळ्याचा. पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात एका अरुंद गल्लीत शालिग्राम नावाचा विणकर राहायचा. खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसायचा आणि त्याची बायको कुंदाबाई उंबऱ्यात बसून कांड्या भरायची. माझं सूत पाचोऱ्याकडच्या कापसाचं, असं शालिग्राम गिऱ्हाइकाला सांगायचा. खरंखोटं त्यालाच ठाऊक. ब्याऐंशी साल होतं. एका कोपऱ्यात त्यानं तांबड्या सुतानं अक्षरं विणली: ग्रा. पं. कोळझिरे.

कुंदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही कुठे जायची. शालिग्राम म्हणाला, लांब, रावेरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे गावाची सभा भरते, तिच्यासाठी. कुंदाबाईनं मला गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि पाठीवर थाप मारल्यासारखी थाप मारली.

"जाय माय," ती म्हणाली, "बठ्ठासले जागा दे."

धुळ्याकडची बोली ती. सगळ्यांना जागा दे, एवढाच त्याचा अर्थ. माहेराहून निघताना पोरीला काहीतरी सांगतात ना, तसं मला हे सांगितलं. मी ते गाठीला बांधलं आणि एस.टी.च्या टपावर बसून निघाले.

कोळझिरे म्हणजे केळीचं गाव. रस्त्यापासून नाल्यापर्यंत नुसती केळी, आणि त्यातली निम्मी लीलाधर नानांची. नाना गावचे सरपंच. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. पहिल्यांदा मला निंबाखाली अंथरलं तेव्हा सगळ्यांत आधी नानाच येऊन बसले, पाठीला लोड घेऊन. त्यांच्या शेजारी त्यांचे भाऊबंद, मग मोठ्या गल्लीतले शेतकरी, मग दुकानदार. कोणी कोणाला जागा दाखवली नाही. ज्याची त्याला पाठ होती.

गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी, भिलाटी. बागांमध्ये राबणाऱ्यांची वस्ती. तिथले पुरुष सभेला आले तर माझ्या काठापलीकडे मातीत उकिडवे बसायचे. मी निम्मी रिकामी असले तरी मातीतच. आणि बाया तर येतच नव्हत्या. भिलाटीच्याही नाहीत, मोठ्या गल्लीच्याही नाहीत. पंचायतीवरून जायची वेळ आली तर चपला हातात घ्यायच्या, पदर ओढायच्या आणि भिंतीकडे तोंड करून निघून जायच्या. कुंदाबाईचं बोलणं मी गाठीला बांधून आणलं होतं खरं, पण सतरंजीला हात कुठे असतात. कोणाला ओढून बसवता येत नाही.

माणसांच्या सवयी मात्र मला कळल्या. भाषण सुरू झालं की कोण पहिल्यांदा पेंगतो, कोण तंबाखू मळून चुरा माझ्यावर झटकतो, सगळं माहीत. खोटं बोलणारा माणूस बोलता बोलता माझ्या दशा उसवतो. बघा हवं तर, ज्या बाजूला लोड असायचा त्या बाजूला माझी एक दशा शिल्लक नाही.

आणि सभेतला एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. सभेला ठरावीक माणसं लागतात. त्याला कोरम म्हणतात. ग्रामसेवक भाऊसाहेब ओट्यावर उभे राहायचे आणि पेन्सिलीचं टोक हवेत नाचवत सतरंजीवरची डोकी मोजायचे. सतरंजीवर असेल तो सभेत. सतरंजीबाहेर असेल तो बघ्या. असा कायदा नाही हं. कायद्यात माझं नावसुद्धा नाही. गावातला प्रत्येक मतदार सभेचा, मग तो मातीत बसो की निंबावर चढो. पण भाऊसाहेबांना असं मोजणं सोपं जायचं आणि नानांना सोयीचं जायचं. कारण डोकी कमी भरली की सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. हे मात्र कायद्यात आहे. मग अर्ध्या तासानं चहा पिऊन तीच चार टाळकी माझ्यावर परत बसायची आणि गावाचं काय करायचं ते ठरवायची.

सभा संपली की शिपाई पुना मला झटकायचा, गुंडाळायचा, कपाटामागे उभी करायचा. वर्षातून दोनचार वेळा बाहेर यायचं, बाकी अंधार. मोठ्या गल्लीत लग्न असलं की मला मागून न्यायचे. तेवढाच बदल.

एकदा भिलाटीतली धुरपदाबाई आली. नानांच्या बागेत केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटणारे कोंब, कापायचं काम करायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरीचं लग्न होतं. पायरीच्या खाली उभी राहून तिनं पुनाला विचारलं, एक दिवस सतरंजी मिळेल का. पुनानं आत बसलेल्या नानांकडे बघितलं. नाना रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत, तीच तर अडचण होती.

"देल्ली असती रे," ते पुनालाच म्हणाले, "पन चिकाचे हात त्या लोकाइचे. डाग पडला का जात नाई."

केळीचा चीक ज्याला लागला त्यालाच कळतं. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. डाग मागाहून उठतो, काळपट, आणि कापड फाटलं तरी निघत नाही. धुरपदाबाईच्या लुगड्यावर तसे डागच डाग होते. ती निघून गेली. भिलाटीनं पोती आणि केळीची पानं अंथरून लग्न लावलं. मला खिडकीतून ढोल ऐकू येत होता. मी कपाटामागे उभी. इतकी लांब-रुंद मी, आणि त्या दिवशी माझा कोणालाच उपयोग नव्हता.

पुढे बायांसाठी पंचायतीत राखीव जागा आल्या. भिलाटीतून एक बाई मेंबर करायची होती. नानांनीच धुरपदाबाईचं नाव सुचवलं. बाई कष्टाळू, खाली मान घालून काम करते, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं ते म्हणाले. ती मेंबर झाली. महिन्याच्या बैठकीला यायची आणि दाराजवळ फरशीवर बसायची. तिच्या वाट्याची खुर्ची रिकामी असायची. नाना म्हणायचे, बसू द्या तिले तठी, तिले बरं वाटते.

मग तालुक्याहून कोळझिऱ्याला एक हापसा मंजूर झाला. जागा ग्रामसभेनं ठरवायची होती. मोठ्या गल्लीत घरोघर नळ. भिलाटीत काहीच नाही. तिथल्या बाया नानांच्या बागेतल्या हौदावर पाणी भरायच्या, म्हणजे लाइट असेल तेव्हा आणि मोटरीवरचा माणूस खुशीत असेल तेव्हा. हापसा भिलाटीत झाला तर कोणाची खुशी बघायला लागणार नव्हती. धुरपदाबाईला कळत होतं. ती खाली मान घालायची, पण कान काही बंद नव्हते.

सव्वीस जानेवारीच्या सभेला ती भिलाटीतल्या बाया घेऊन आली. अर्धा खाडा करून, सरळ बागेतून. त्यांच्यात मंजुळाबाई होती, वयानं सगळ्यांत मोठी, गुडघे धरलेली आणि जिभेला हाड नसलेली. निंबाखाली एवढ्या बाया गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. मी अंग सैल करून वाट बघत होते. निम्मी रिकामी होते मी.

त्या माझ्या काठापाशी आल्या आणि थांबल्या. समोर नाना, त्यांच्या शेजारी सगळे थोर. सुनांनी थोरांसमोर त्यांच्याच बिछायतीवर कसं बसायचं? शिवाय लुगडी चिकाची, सतरंजी गावाची. कोणी काही म्हणालं नव्हतं, तरी त्या आपणहून मागे सरकल्या आणि मातीत बसल्या. मान राखला त्यांनी.

भाऊसाहेब ओट्यावर उभे राहिले. पेन्सिल नाचली. सतरंजीवरची डोकी मोजून झाली.

"कोरम नाही," ते म्हणाले. "सभा तहकूब."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. सभा झाली नाही म्हणजे पुन्हा कधीतरी होईल, असं धरून त्या उठल्या आणि उरलेली मजुरी बुडू नये म्हणून बागेत गेल्या. चहा आला. अर्ध्या तासानं सभा भरली. हापसा देवळाजवळ, मोठ्या गल्लीच्या तोंडाशी, असा ठराव झाला. माझ्या दशा उसवत नाना म्हणाले, देऊळ काय सगळ्या गावाचंच हाये.

संध्याकाळी धुरपदाबाईला कळलं. पुना मला गुंडाळत होता तेव्हाच ती आली. हातात विळा तसाच. पायरी चढली आणि भाऊसाहेबांना विचारलं, एवढ्या बाया होत्या, मग कोरम कसा नाही. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळच सांगितलं.

"अक्का, तुम्ही सभेत होता कुठे? सतरंजीच्या बाहेर होता. बाहेरचे मोजत नाहीत."

"थोराइच्या समोर आमी सतरंजीवर कशा बसनार?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मग खाली वाकून तिनं माझ्या काठाला नुसतं एक बोट लावलं. इतकी वर्षं गावात राहून पहिल्यांदाच. बोट खरखरीत होतं, कुंदाबाईच्या बोटासारखं.

दुसऱ्या दिवसापासून हौद बंद झाला. मोटरीवरच्या माणसानं सांगितलं, बाया गर्दी करतात, बाग तुडवतात. नानांचं नाव कुठेच नाही. भिलाटी नाल्यात झिरे खणू लागली. वाळूत खड्डा करायचा आणि वाटीवाटीनं पाणी भरायचं. उन्हाळा चढला तसे झिरेही खोल गेले. बोअरची गाडी तालुक्यात फिरत होती, कोळझिऱ्याचा नंबर मे महिन्यात होता. त्याच्या आधी ठराव बदलला तर बदलला. नाहीतर देवळापाशी भोक पडलं की संपलं. हे सगळं पुना आणि भाऊसाहेब बोलायचे, आणि मी कपाटामागून ऐकायचे. माझ्यामुळे त्या मोजल्या गेल्या नव्हत्या. मी काही केलं नव्हतं, पण माझ्या काठावरच ते घडलं होतं. मला ते सोसत नव्हतं.

एक मे आला, पुढच्या सभेचा दिवस. सकाळी नानांनी पुनाला सांगितलं, सतरंजी सगळी उघडू नको, निम्मी पुरे. पुनानं मला निम्मं अंथरलं. उरलेली मी गुंडाळीत, वळकटीसारखी पडलेली. उघड्या अर्ध्यावर मोठी गल्ली बसली. त्यांची मोजकी माणसं आणि अर्धी मी, गच्च भरलेलं दिसत होतं.

बाया आल्या. पुन्हा सरळ बागेतून, आणि या वेळी भिलाटीतले पुरुषही मागे होते. नाना हसले आणि म्हणाले, या, या, बसा ना, जागा असंल तठी बसा. जागा कुठे होती? बाया पुन्हा काठाशी थांबल्या. पुन्हा पदर ओढले गेले. मला वाटलं, झालं, परत माती.

धुरपदाबाई पुढे आली. माझी वळकटी तिनं दोन्ही हातांनी धरली आणि ढकलली. मी उलगडत गेले. नुसती उलगडत गेले. इतकी मोकळी मी मागावरून उतरल्यापासून झाले नव्हते. मग ती आली आणि माझ्या मधोमध बसली. नानांच्या समोर. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

तिच्यामागे कोणी आलं नाही. एकटीच. चारी बाजूंना मी रिकामी आणि मधे ती. बाया काठावर खिळलेल्या. तिनं उजवा पंजा माझ्यावर दाबून धरला, पडू नये म्हणून धरतात तसा. हात चिकानं ओला होता.

नाना शांतपणे म्हणाले, "धुरपदे, सतरंजी गावाची हाये. डाग पडले तर धुईल कोन?"

"गावाची हाये म्हनूनच बसली, नाना," ती म्हणाली. "आन् डाग तुमच्याच केयीचा हाये."

कोणी हसलं नाही. तिचा आवाजही चढला नव्हता. पण काठावर काहीतरी सुटलं. मंजुळाबाई गुडघ्यावर हात ठेवून कण्हत पुढे आली आणि धुरपदाबाईच्या अगदी अंगावर बसली.

"सरक वं माय," ती म्हणाली, "सगयी सतरंजी तुह्या बापाची हाये का?"

तेव्हा मात्र लोक हसले. मोठ्या गल्लीतलेही हसले. आणि त्या हसण्याच्या आड बाकीच्या बाया बसल्या. मग पुरुष. सरक गं, सरक रे, अजून थोडं, ते पोर मांडीवर घे. माझा एक पट्टा रिकामा राहिला नाही. भाऊसाहेब मोजायला लागले, मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कोरम भरला होता, भरून वर सांडला होता.

धुरपदाबाईनं हापश्याचा ठराव पुन्हा सभेपुढे घ्यायला लावला. हापसा भिलाटीत, म्हणून भाऊसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. हात वर गेले, चिकाचे, काळे पडलेले. नानांनी इकडे तिकडे बघितलं. ते शहाणे होते. म्हणाले, बरं, होऊ द्या भिलाटीत, आपलेच लोक हायेत. पण माझ्या उरल्यासुरल्या दशा त्या दिवशी गेल्या.

आठ दिवसांत बोअर झालं. पाणी लागलं. मी काही तिथे नव्हते, पण खिडकीतून हापश्याच्या दांड्याचा आवाज आला आणि मला कळलं.

माझे डाग उठले ते त्याच आठवड्यात. पुनानं मला उन्हात टाकलं होतं. भूत वर यावं तसे ते एकेक वर आले. जिथे जिथे बाया बसल्या तिथे तिथे. आणि मधोमध एक हात, पाची बोटांसकट. पुनानं सोडा लावला, लिंबू लावलं, रॉकेल लावलं. डाग आणखीच काळे झाले. मोठ्या गल्लीनं मला लग्नाला न्यायचं बंद केलं. अशी सतरंजी पाहुण्यांसमोर कशी अंथरायची?

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, गोष्ट संपली. संपली असती तर मी या कोठडीत तुम्हाला थांबवून ठेवलं नसतं.

नानांनी कोणाला हाकललं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. बागेत काम निघालं की दुसऱ्या गावाहून माणसं यायची. बाकीच्या बायांना हळूहळू परत बोलावलं, एकेकीला, पावसाळा सरता सरता. धुरपदाबाईला नाही. गावात सगळीकडे केळीच, आणि एकाचं बोलावणं थांबलं की दुसराही बोलवायला कचरतो. दिवाळी झाली तसं तिच्या पोरानं ठरवलं, उसाला जायचं, सुरतेकडे. ती त्याच्याबरोबर निघाली. भांडणारी बाई नव्हती ती, पोटापुढे काय करणार.

निघायच्या दिवशी पंचायतीत आली. डोक्यावर बोचकं. माझ्याकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही. मी कपाटामागे होते. भाऊसाहेबांना म्हणाली, "सभा लागली का निरोप धाडा. मी येईन."

भाऊसाहेबांनी मान हलवली. निरोप कोण धाडणार, आणि कुठे? पण तिनं सांगितलं होतं, म्हणजे तिच्या मते झालं होतं. भिलाटीत तसंच चालतं. तोंडानं सांगितलं, समोरच्यानं मान हलवली, की तो शब्द. रजेचा अर्ज लिहून द्यावा लागतो हे तिला कोणी सांगितलं नाही. सहा महिने रजेशिवाय बैठकीला नाही, म्हणून तिची जागा रिकामी झाल्याचं जाहीर केलं. जी बाई डोळ्यांसमोर बसली असताना मोजली नव्हती, तिची गैरहजेरी मात्र एक दिवस न चुकता मोजली. माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर त्या दिवशी मी अख्खी पंचायत डोक्यावर घेतली असती.

आपण लावलेल्या हापश्याचं पाणी ती जेमतेम एक पावसाळा प्यायली. त्यानंतर ती परत आली नाही. कोणी म्हणतं तिकडेच राहिली, पोरानं झोपडं बांधलं. कोणी काही म्हणतं. मी कोणाचं ऐकून घेत नाही.

मग खुर्च्या आल्या. लाल, प्लास्टिकच्या, एकात एक घुसणाऱ्या. सभेला आता त्याच मांडतात. थोड्या असतात, त्यामुळे थोडेच बसतात, बाकीचे भिंतीशी उभे. भिलाटी पुन्हा भिंतीशी. भाऊसाहेब बदलून गेले, नवे आले. ते खुर्च्या मोजतात. नाना थकले, आता त्यांचा पुतण्या पुढे बसतो. मला कपाटामागूनही काढलं, कारण तिथे खुर्च्या ठेवायच्या होत्या. ही कोठडी दिली. ओल येते, एका बाजूनं मी कुजत चालले आहे. हे नव्वदचं दशक सरता सरता माझंही सरेल.

एकदाच बाहेर निघाले, गेल्या वैशाखात. मंजुळाबाई आली, आता काठी टेकत. पुनाला म्हणाली, तिच्या नातीचं लगन आहे, ती डागाची सतरंजी दे रे बाप्पा. पुना म्हणाला, ने माय, कोन बसतं आता तिच्यावर. इतकं सोपं. ज्या डागांच्या भीतीनं मला तिथे जाऊ दिलं नव्हतं, त्याच डागांपायी जाऊ दिलं.

भिलाटीत मला अंथरलं. हापसा तिथूनच दहा पावलांवर. पोरं पाणी उडवत होती, ढोल होता, आणि मी त्याच्या मधे होते, खिडकीच्या पलीकडे नव्हते. मंजुळाबाई बसली ती बरोबर माझ्या मध्यावर. हाताचा तो डाग तिला सापडला. तिनं त्यावर आपला हात ठेवला आणि शेजारी जरा जागा सोडली. नवरीकडची एक पोर तिथे बसायला आली.

"तठी नको वं," मंजुळाबाई म्हणाली. "अठी बस, या बाजूले."

लग्न लागलं, पंगती उठल्या, ढोल थांबला. ती जागा शेवटपर्यंत रिकामी होती. सकाळी पुना मला परत घेऊन आला.

तेव्हापासून इथे. खिडकी लहान आहे, पण पहाटे भिलाटीतला हापसा ऐकू येतो. दांडा वर-खाली होतो, करकरतो, त्याला तेल हवंय. तोच माझा शेजार.

तुम्ही वाचणारी माणसं आहात, तुमच्याकडे माझं एकच मागणं. मला धुऊ नका, नवी विणून आणा असंही म्हणत नाही. पुढच्या सभेला त्या लाल खुर्च्या बाजूला करा आणि मला निंबाखाली पुरती उलगडा, वळकटी शिल्लक ठेवू नका. खुर्ची एकाची असते, तिच्यावर दुसऱ्याला सरकून जागा देता येत नाही. माझ्यावर देता येते. भिंतीशी जे उभे आहेत ते आधी काठावर थांबतील, पदर ओढतील, मागे बघतील. थांबू द्या. घाई करू नका. कोणीतरी एक येऊन बसेल.

ती बसली की तिला एकटी ठेवू नका. तिच्या अंगाला अंग लावून बसा आणि म्हणा, सरक वं माय.